बोर्झानचा दुसरा धूर

मंगळवारी, दहा ऑक्टोबरला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जनगणनेची बाई तुशाच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिच्या बुटांना घोट्यापर्यंत चिखल होता, गळ्यात ओळखपत्र होते आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅबलेट तिने छातीशी धरला होता. गाडी खाणीच्या जुन्या फाटकापर्यंतच येते. सप्टेंबरच्या पावसात पुढचा रस्ता दरीत गेला. तेव्हापासून बोर्झानला यायचे तर तिथून सात किलोमीटरचा चढ पायी चढावा लागतो. बाई फाटकापासून साडेसहाला निघाली होती.

तुशा चौऱ्याहत्तर वर्षांची. एकतीस वर्षे ती या गावाची सरकारी सुईण होती. कुठलीही गोष्ट घडली की आधी घड्याळ पाहायचे, ही सवय तिला तेव्हापासूनची. पाहुणी दारात आली तेव्हाही तिने आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि मग पाहुणीकडे.

आल्या माणसाला कामाचे विचारायचे ते त्याच्या पोटात काही गेल्यावर. तुशाने चुलीवर कॉफीचे भांडे ठेवले, मक्याची गरम भाकरी मोडली, शेळीच्या दुधाचे चीज कापले आणि दोन छोट्या पेल्यांत राकी, म्हणजे घरची कडक दारू, ओतली. बाईने राकी नको म्हटले, तुशाने ऐकले नाही, बाईने अर्धी घेतली. तिचे नाव रुदिना. तालुक्याच्या गावी शाळेत शिकवायची. सहा आठवड्यांसाठी तिला मोजणीच्या कामाला लावले होते. एकोणीस वस्त्या तिच्या वाट्याला आल्या होत्या आणि बोर्झान शेवटची होती.

"खरं सांगू मावशी, खालून दोन धूर दिसले तेव्हा जिवात जीव आला," ती म्हणाली. "ऑफिसात मला म्हणत होते, तिथं एकच म्हातारी उरलीय, कशाला तंगडतोड करतेस, फोनवरच उरकून टाक."

"बरोबरच म्हणत होते," तुशा म्हणाली. "धूर दोन आहेत. म्हातारी एकच."

बोर्झानमध्ये घरे कधी कुणी मोजली नाहीत, मोजले ते धूर. नुसत्या भिंती उभ्या राहिल्या म्हणजे घर झाले असे इथे कुणी धरत नाही, आत चूल पेटलेली लागते. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे शिपाई मोजणीला आले तेव्हा गावाने त्यांना चौसष्ट धूर सांगितले आणि अधिकाऱ्याने चौसष्ट घरे लिहून घेतली. प्रत्यक्षात छपरे त्रेसष्टच होती. दोन भाऊ भांडून एकाच छपराखाली दोन चुली मांडून बसले होते. पुढे डोंगरात तांबे सापडले, खाण सुरू झाली, आणि तुशा सुईण म्हणून लागली त्या बहात्तर साली गावात एकशे अडतीस धूर आणि सहाशे सत्तर माणसे होती. शाळा भरायची, दवाखाना होता, शनिवारी खाणीच्या आवारात पडदा लावून सिनेमा दाखवायचे. देव तेवढा नव्हता. सदुसष्ट सालीच सरकारने धर्मावर बंदी घालून चर्चची घंटा उतरवून नेली होती.

एकतीस वर्षांत तुशाने दोनशे सत्त्याऐंशी बाळंतपणे केली. प्रत्येकाची तारीख, वेळ आणि वजन तिच्या वहीत आहे. शेवटचे मूल मार्च २००१ मधले, मुलगी, तीन किलो शंभर. तोवर बंद असलेल्या सीमा एक्याण्णव साली उघडल्या आणि त्या एका उन्हाळ्यात गावातले एक्केचाळीस धूर गेले. मग खाण बंद पडली. मग शाळा. दोनशे सत्त्याऐंशीपैकी बरेचसे इटलीत, काही ग्रीसमध्ये, काही जर्मनीत, पंचवीसएक मेले. तुशाचा स्वतःचा मुलगा पाश्क इटलीत छपरे शाकारतो. बोर्झानमध्ये आज त्यांतले कुणीही नाही.

ज्या घराचा वंश बुडाला त्याला इकडे विझलेले घर म्हणतात. भांडणाच्या भरात कुणी हा शब्द काढला तर दोन पिढ्या बोलणे बंद होते. त्यामुळे गाव सोडून जाणारे लोक मागे राहणाऱ्याच्या हातात किल्ली ठेवून जात आणि आठवड्यातून एकदा चूल पेटवायला सांगत. दिवस मंगळवारचा, कारण तो संत अंतोनीचा वार. एके काळी तुशाकडे सात किल्ल्या होत्या. मंगळवारची अख्खी सकाळ काडेपेटी घेऊन ह्या दारातून त्या दारात फिरण्यात जायची. मग एकाचे छप्पर बसले. दुसऱ्याने घर दगडांच्या भावात विकले. तिसऱ्याने तुरीनहून फोन केला, राहू दे काकू, कशाला लाकडं जाळतेस. तुशाने ती किल्ली धुतली, पुसली आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवली. असे करत करत खिळ्यावर सहा किल्ल्या झाल्या. वापरातली एकच उरली, लुलाशची.

लुलाश म्हणजे तुशाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ. एकोणऐंशी वर्षांचा, तेवीस वर्षे खाणीत काढलेली, छातीत तिथली धूळ. त्याचे घर तुशाच्या अंगणापासून साठ पावले खाली. तुशाचा नवरा गेला, पुढच्या वर्षी लुलाशची बायको गेली, आणि त्यानंतरचे सहा हिवाळे बोर्झानमध्ये ही दोनच माणसे होती. ती काही सारखी एकमेकांकडे बसत नसत. लुलाश सकाळी दारात येऊन हाक मारायचा, "वहिनी, आहात का?" तुशा वरून म्हणायची, "आहे अजून, भाऊजी." बर्फ फार असले की दिवसभरात तेवढेच बोलणे व्हायचे. पण ते व्हायचे.

अकरा फेब्रुवारीला लुलाश बर्फावर घसरला. दोन बरगड्या आणि मनगट. तिसऱ्या दिवशी त्याची मुलगी द्राने खालच्या लेझा शहरातून आली आणि त्याला खेचरावर बसवून घेऊन गेली. जाताना त्याने चांगल्या हाताने तुशाच्या हातात किल्ली दिली आणि "मंगळवारी पेटवा" एवढेच म्हणाला. परत कधी येणार हे त्याने सांगितले नाही आणि तिने विचारले नाही.

न विचारण्याला कारण होते. ह्या डोंगरात 'येतो' म्हणणे म्हणजे शब्द देणे, आणि दिलेला शब्द पाळायला माणूस खाटेवरूनही उठून येतो. नाही आला तर त्याच्या नातवंडांनाही ते ऐकून घ्यावे लागते. लुलाश तर जुन्या वळणाचा. खाणीतल्या एका सोबत्याला त्याने तुझी भिंत बांधून देतो म्हटले होते. सोबती मेला, तरी लुलाशने भिंत बांधली. अशा माणसाला, त्यातून आजारी असताना, येणार का म्हणून विचारू नये एवढे तुशाला कळत होते. आठ महिने ती दर रविवारी त्याच्याशी फोनवर बोलत होती. खोकला, घेवडा, शेळ्या, रानडुकरे, सगळे विषय व्हायचे. हा एक प्रश्न तिने तोंडाबाहेर काढला नाही. फोन ठेवल्यावर उतारावरून परत येताना मात्र तो दर वेळी सोबतीला असायचा.

रुदिनाने टॅबलेट उघडला. नाव, जन्मसाल, शिक्षण, पाणी कुठून आणता, संडास आत की बाहेर. तुशा एकेका प्रश्नाला नेमके उत्तर देत गेली. घरात एकूण माणसे किती ह्या प्रश्नावर रुदिनाने मुलांची चौकशी केली. तुशा म्हणाली, पाश्क ह्याच घरचा, पण तो इथे बावीस वर्षे झोपलेला नाही, तेव्हा तुला हवा तो आकडा एक. रुदिना म्हणाली, तुमच्यासारखं सरळ उत्तर देणारं माणूस एकोणीस वस्त्यांत भेटलं नाही. लोक परदेशातली नातवंडंसुद्धा घुसवायला बघतात.

मग तिने खालच्या घराचे विचारले. किती दिवस बंद आहे, ते ऐकून ती बोटांवर महिने मोजू लागली.

"आठ. मग तर बसतंय," ती म्हणाली. "बारा महिने व्हायच्या आत परत यायचा विचार असला, तर माणूस इथलाच धरायचा. तसा नियमच आहे. फक्त लेझाला त्यांना कुणी मोजलेलं नसलं पाहिजे."

तिने आणखी एक गोष्ट सांगितली आणि हे ऐकीव आहे असेही बजावले. ज्या वस्तीत एकच घर उरले आहे तिचे नाव यादीतून काढून खालच्या गावात मिळवायचे, असे ऑफिसात चालले होते. दोन घरे असली तर नाव राहायचे, आणि हिवाळ्यात विजेचा खांब पडला तर तोही उभा करायचे. एका घरासाठी कोण येणार.

तुशाला यादीचे फार काही वाटले नाही. खांब दोन हिवाळ्यांत तीनदा पडला होता आणि ती दिव्यावर राहिली होती. तिच्या डोक्यात निराळेच चालले होते. आठ महिने न विचारलेला प्रश्न आता सरकारच विचारणार होते. तिला काही करायचे नव्हते, फक्त फोन लावून द्यायचा होता. तरी रुदिनाला थांबवून, असा प्रश्न त्यांना नको विचारूस, असे सांगता आले असते. तिने खुंटीवरची शाल घेतली आणि म्हणाली, चल, रेंज वर येते.

बोर्झानमध्ये फोन लागतो तो एकाच ठिकाणी, दफनभूमीच्या वरच्या अंगाला, भिंतीपाशी. दहा वाजून चाळीस मिनिटांनी लुलाशने फोन उचलला.

"कोण मेलं?" तो म्हणाला. "आज रविवार नाही."

"मरायला उरलंय कोण, भाऊजी. जनगणनेची बाई आलीय."

"मग मोज म्हणावं. एकपर्यंत येतं ना तिला?"

रुदिना हसली. तिने स्वतःची ओळख करून दिली आणि लेझाला कुणी मोजायला आले होते का, ते विचारले. लुलाश म्हणाला, एक पोरगा आला होता, द्रानेने त्याला सांगितले की बाबा इथे पाहुणे आहेत. चौथ्या मजल्यावर पाहुणा, आठ महिने झाले, खाली रस्त्यावर ट्रक मोजतो, सरकारला ट्रकचा आकडा हवा असेल तर तयार आहे.

"मग काका, एवढंच सांगा. बोर्झानला परत यायचा विचार आहे का तुमचा? हो किंवा नाही."

लुलाशला खोकल्याची उबळ आली. ती बराच वेळ चालली.

"विचार काय, रोजच असतो पोरी."

"म्हणजे हो लिहू?"

"थांब जरा. हे विचारतंय कोण? सरकार की वहिनी?"

रुदिनाला ह्यातले काही कळले नाही. तिने फोन तुशाच्या पुढे धरला. सरकार, असे तुशा म्हणाली असती तर लुलाशने सरकारवर काहीतरी टोला हाणला असता, हो लिही म्हणाला असता, आणि त्या 'हो'ला वाऱ्यावर बोललेल्या शब्दाइतकीच किंमत राहिली असती. तुशाला हे माहीत होते.

"मी विचारतेय," ती म्हणाली.

पलीकडे एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"तर मग येतो," लुलाश म्हणाला. "लिही, पोरी."

झाडांवरून चेस्टनट पडायला लागले का, तेवढे त्याने विचारले. तुशा म्हणाली, पडतायत, निम्मे डुकरं खातायत. डुकरांना माझा भाग राखून ठेवायला सांगा, असे म्हणून त्याने फोन ठेवला. रुदिनाने तिथेच, भिंतीवर टॅबलेट टेकवून, खूण केली. दोन घरे, दोन माणसे. सव्वाबाराला ती खाली निघाली. तुशाने तिच्या पिशवीत भाकरी आणि अक्रोड घातले.

त्या दुपारी आणि बुधवारी दिवसभर तुशा लुलाशच्या घरात होती. गाद्या उन्हात टाकल्या, धुरांडे झाडले, उंदरांनी कुरतडलेली घोंगडी काढून स्वतःकडची एक आणून ठेवली. मधेच कंबर धरून उभी राहायची आणि काहीतरी गुणगुणते आहे हे लक्षात येऊन गप्प व्हायची. तिचा हिशेब असा होता: आता ऑक्टोबर, पुढे बर्फ; लुलाश एप्रिलात येईल. बर्फ वितळले की द्रानेचा नवरा खेचर करून आणून सोडेल. एप्रिलच्या आधी घराला ऊब धरू दे म्हणून ती आत्तापासून लागली होती.

पण एप्रिल हा शब्द त्या फोनवर कुणीच उच्चारला नव्हता. तिने विचारले होते, तो येतो म्हणाला होता. दिवस ठरवून न घेता दिलेला शब्द लगेचचा असतो हे त्या दोघांनाही लहानपणापासून माहीत होते. आनंदाच्या भरात तुशा ते विसरली. आयुष्यभर मिनिटे लिहून ठेवणारी बाई, आणि तिने तारीख घेतली नाही.

गुरुवारी दुपारी ती अक्रोड गोळा करायला दफनभूमीच्या वर गेली. चार वाजून पाच मिनिटांनी खिशातला फोन वाजू लागला तो थांबेचना. न उचललेले अकरा फोन, सगळे द्रानेचे.

द्रानेने सांगितले ते असे. बाबा पहाटे पाचला उठले, दाढी केली, पांढरी लोकरीची टोपी घातली, खाली कॉफी प्यायला जातो म्हणाले. ती साडेसहाला शिलाईच्या कारखान्यात कामाला गेली. आठ वाजता शेजारणीने फोन करून विचारले, तुझे बाबा डोंगराच्या गाडीत बसले, कुणी वारलं का? गोळ्या आणि छातीत ओढायचा फवारा टेबलावरच होता. द्राने तेव्हापासून फोन करत होती. लुलाशकडे स्वतःचा फोन नव्हता. मंगळवारी तो तिच्या घरच्या फोनवर बोलला होता.

गाडीवाला बार्धोक, त्यालाही द्रानेने फोनवर गाठले होते. त्याने लुलाशला अकरा वाजून वीस मिनिटांनी खाणीच्या फाटकापाशी उतरवले. पुढे रस्ता नाही काका, संध्याकाळी माझ्याबरोबर परत चला, असे त्याने सांगून पाहिले. लुलाश म्हणाला, हा डोंगर मी आतून बघितलाय, बाहेरून मला तू काय दाखवतोस. गाडीत आणखी चार माणसे होती म्हणून बार्धोक थांबला नाही. पहिल्या वळणापर्यंत म्हातारा नीट चालत गेलेला त्याने आरशात पाहिला.

धडधाकट माणसाला त्या चढाला तीन तास लागतात. तुशाने लुलाशला पाच दिले. म्हणजे चार वीस. अजून पंधरा मिनिटे होती, आणि ती पंधरा मिनिटे ती भिंतीपाशीच पायवाटेकडे बघत उभी राहिली. मग चर्चपाशी गेली. तिथे नेलेल्या घंटेच्या जागी खाणीतल्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. तिने त्यावर हातोडी मारली. दहा मिनिटे थांबून पुन्हा मारली. त्यानंतर काठी घेऊन पायवाटेने दुसऱ्या वळणापर्यंत उतरली आणि भाऊजी, भाऊजी अशा हाका मारल्या. तिच्या गुडघ्यांना त्यापुढे जाणे जमणारे नव्हते. ती तिथे पडली असती तर शोधायची माणसे दोन झाली असती. अंधार पडायच्या आत ती परत आली आणि लुलाशची चूल पेटवली. वार गुरुवार होता. धुके इतके होते की धूर कौलांवरच बसला, वर गेलाच नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला चार पोलीस, बार्धोक आणि द्रानेचा नवरा वर आले. वाटेत तिसऱ्या किलोमीटरला झऱ्यापाशी त्यांना चेस्टनटची सालपटे सापडली होती, ताजी, सुरीने सोललेली, एका सपाट दगडावर नीट गोळा करून ठेवलेली. तुशाने ती पाहायला मागितली. लुलाश अशीच ठेवतो, असे ती म्हणाली, आणि मग म्हणाली की तसे बरेच जण ठेवतात. पोलिसांनी खाणीची तोंडे पाहिली. तीनही लोखंडी जाळीने बंद होती आणि जाळ्या जागेवर होत्या. दुपारी पाऊस आला. ते चार वाजता खाली उतरले.

त्या संध्याकाळी भिंतीपाशी द्रानेचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"काकू, मला त्या जनगणनेच्या बाईचा फोन आला होता. तुम्हीच विचारलंत ना त्यांना?"

"हो," तुशा म्हणाली.

"का विचारलंत?"

तुशाला सांगण्यासारखे पुष्कळ होते. सरकारचा नियम, यादी, खांब. त्यातले काही खोटे नव्हते आणि काही खरेही नव्हते.

"सकाळी हाक मारायला कुणी नसतं," ती म्हणाली.

द्राने रडू लागली. तुशाने फोन कानाशी धरून ठेवला, द्रानेने बंद करेपर्यंत.

शनिवारी पाऊस उघडला. पोलीस आठ वाजता आले, ह्या वेळी सहाजण. मंडळी खालच्या ओढ्याच्या अंगाने शोधत होती. तुशाने सगळ्यांसाठी मोठ्या भांड्यात घेवडा शिजत घातला आणि पुन्हा भिंतीपाशी जाऊन बसली. अकराला रुदिनाचा फोन आला. तिला बातमी शुक्रवारीच तालुक्याच्या गावी कळली होती आणि द्रानेशी ती बोललीही होती. तिने आधी क्षमा मागितली, दोनदा. मग अडखळत म्हणाली की सोमवारी ऑफिस नोंदी बंद करणार आहे, त्याआधी काही बदलायचे असेल तर मला सांगावे लागेल, आणि मला काय करावे समजत नाही.

"तुझा नियम काय म्हणतो?"

"परत यायचा विचार असला तर इथला धरायचा."

"विचार सोड, तो निघाला होता," तुशा म्हणाली. "अजून हात लावू नकोस."

दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी दोदे नावाचा मेंढपाळ पलीकडच्या उतारावरून वर आला. त्याला शोधाचे आत्ताच कळले होते. गुरुवारी पावणेचारच्या सुमाराला तो आपल्या शेळ्या वळवत असताना त्याला दरीच्या अलीकडे, पाचव्या किलोमीटरला जिथे वाट फुटते तिथे, बीच जातीच्या एका झाडाखाली एक माणूस बसलेला दिसला. पांढरी टोपी होती. चेहरा एवढ्या लांबून ओळखू आला नाही. दोदेने ओरडून विचारले, बरं आहे ना? माणसाने हात वर केला. कशासाठी, हे दोदेला सांगता येईना. बरं आहे म्हणूनही असेल, ये म्हणूनही असेल. शेळ्या पुढे गेल्या होत्या. तो त्यांच्यामागे धावला, आणि परत वळून पाहिले तेव्हा धुके खाली आले होते आणि झाडाखाली कुणी नव्हते.

तिथून एक वाट बोर्झानला येते, सव्वा तासाची. दुसरी वरच्या कुरणांकडे जाते. तिथे खाणीच्या मजुरांची जुनी दगडी झोपडी आहे, छप्पर शाबूत असलेली. तुशा म्हणाली, झोपडी लुलाशला माहीत आहे. जेवायला वर आलेल्या पोलिसांनी दोन माणसे त्या झाडापाशी पाठवली, चौघे कुरणांकडे गेले. दोदे वाट दाखवायला त्यांच्याबरोबर गेला. ते निघाले तेव्हा दोन वाजून पाच मिनिटे झाली होती. झोपडीपर्यंत दीड तास लागतो आणि तिथे फोन लागत नाही.

तुशाने भिंतीपाशी घड्याळ पाहिले तेव्हा पाच वाजून दहा मिनिटे झाली होती आणि त्यांच्यापैकी कुणी परत आले नव्हते.